भूतानला जाताना पैशांची तयारी : रुपया, नुल्ट्रम आणि उरलेल्या नोटांचा हिशेब

भूतानला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, "पैसे बदलून घ्यायचे का?" ओळखीतला कोणी सांगतो, "काही करायला नको, आपला रुपयाच चालतो तिकडे." हे खरं आहे, पण अर्धंच. आपला रुपया तिथे चालतो, त्यांचं चलन मात्र आपल्याकडे चालत नाही. भूतानच्या सहलीत पैशांच्या ज्या काही अडचणी येतात, त्या बहुतेक सगळ्या इथूनच सुरू होतात. म्हणून निघण्याच्या तयारीपासून परतीच्या दिवसापर्यंत काय काय करायचं, ते क्रमाने सांगतो. पहिल्यांदाच आणि स्वतःच्या हिमतीवर जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय. टूर कंपनीबरोबर जात असाल, तर पायरी ४ पासून पुढचं तरी नक्की वाचा.

पायरी १ : हे चलन आहे काय, ते आधी समजून घ्या

भूतानच्या चलनाचं नाव नुल्ट्रम. पाट्यांवर, बिलांवर ते 'नू' असं लिहिलेलं दिसेल आणि दुकानदारही बोलताना नू म्हणतात. एका नुल्ट्रमचे १०० छेत्रुम होतात. पण छेत्रुमची नाणी रोजच्या व्यवहारात जवळपास दिसतच नाहीत, त्यामुळे सुट्ट्या नाण्यांची काळजी करू नका.

१९७४ साली हे चलन सुरू झालं, चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचा राज्याभिषेक झाला त्याच वर्षी. त्याआधी भूतानमध्ये मुख्यतः भारतीय रुपयाच फिरत होता. नवं चलन आलं तेव्हाच त्याची किंमत रुपयाशी बांधली गेली आणि ती गाठ आजही कायम आहे: १ नुल्ट्रम म्हणजे १ रुपया. रोज दर बघायचा नाही, गुणाकार-भागाकार करायचा नाही. मेनूकार्डवर मोमोची प्लेट १५० नू असेल, तर ती १५० रुपयांना. चलन सांभाळण्याचं काम रॉयल मॉनेटरी अथॉरिटी करते. आपल्या रिझर्व्ह बँकेसारखी ही संस्था १९८२ च्या कायद्याने स्थापन झाली.

किंमत सारखी असली तरी दोन्ही नोटांना सारखा मान नाही. भूतानमध्ये रुपया अधिकृतपणे चालतो. भारतात नुल्ट्रमला तसा दर्जा नाही. भूतान आपल्या गरजेचा बहुतेक माल भारतातून आणतो आणि त्याचे पैसे रुपयांत मोजतो, त्यामुळे रुपया तिथे सतत लागतो. भारताच्या सीमेवरच्या फुन्शोलिंगहून राजधानी थिंपूकडे जाताना वाटेत चुखा लागतं. तिथल्यासारख्या जलविद्युत प्रकल्पांची वीज भारत विकत घेतो, तेव्हा देशात रुपये येतात. २०१२ साली रुपयांची एवढी टंचाई झाली होती की मॉनेटरी अथॉरिटीला रुपये देण्यावर बंधनं घालावी लागली. दुकानदार तुमची रुपयाची नोट आनंदाने घेतो आणि सुट्टे मात्र नुल्ट्रममध्ये देतो, त्यामागे हा इतिहास आहे. तो तुम्हाला फसवत नसतो. रुपया हाताशी ठेवण्याची गरज त्याला खरोखरच असते.

पायरी २ : निघण्यापूर्वी कागदपत्रं आणि साधनं जमवा

पैशांच्या लेखात कागदपत्रं कशाला, असं वाटेल. पण भूतानमध्ये शिरण्याचं परमिट झालं नाही तर खिशातल्या पैशांचा काही उपयोग नाही. शिवाय परमिटबरोबरच मोठी फीही भरावी लागते. सोबत एवढं ठेवा:

- पासपोर्ट (निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असलेला) किंवा मतदार ओळखपत्र. आधार, पॅन किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवर परमिट मिळत नाही. नेमकी इथेच सगळ्यात जास्त लोकांची गाडी अडते.
- १८ वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्माचा दाखला, आणि तोही मूळ प्रत.
- हॉटेलच्या बुकिंगची छापील प्रत.
- डेबिट कार्ड, शक्यतो दोन वेगवेगळ्या बँकांची. परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू करून ठेवा. सीमा ओलांडल्यावर ओटीपी येईलच, याची खात्री नसते.
- फोनमधल्या यूपीआय ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सोय चालू केलेली. ती ठरावीक मुदतीपुरतीच चालू राहते, तेव्हा प्रवासाच्या तारखा त्यात बसतात ना, ते बघा.
- नोटा ठेवायला दोन वेगळी पाकिटं. याचं कारण पायरी ५ मध्ये येईल.

पायरी ३ : रोख रक्कम किती आणि कोणत्या नोटांत न्यायची

आपल्याकडचा नियम असा आहे. १०० रुपयांपर्यंतच्या नोटा भूतानला कितीही नेता येतात. १०० पेक्षा मोठ्या, म्हणजे २०० आणि ५०० च्या नोटा, माणशी एकूण २५,००० रुपयांपर्यंतच. घरातले चौघे जात असाल तर सगळ्यांची रोख एकाच्याच बॅगेत कोंबू नका. ज्याची त्याच्याकडे ठेवलीत की हिशेबही सोपा आणि नियमही पाळला जातो.

माझा सल्ला म्हणाल तर निम्मी रोख १०० च्या नोटांत न्या. बँकेत आधी सांगून ठेवलं तर १०० ची बंडलं मिळतात. ५०० ची नोट भूतानमध्ये चालत नाही असं नाही, पण ती पाहून काही छोटे दुकानदार आणि टॅक्सीवाले थबकतात. त्यालाही कारण आहे. २०१६ च्या नोटबंदीत जुन्या ५०० आणि १००० च्या नोटा भूतानमधल्या लोकांकडेही अडकल्या होत्या. पुढे मे २०२३ मध्ये २००० ची नोट मागे घेण्याची घोषणा झाली. शेजारच्या देशाची मोठी नोट कधी रद्द होईल सांगता येत नाही, हे त्यांनी स्वतः भोगलंय. त्यामुळे त्यांच्या सावधगिरीचा राग मानू नका. १०० ची नोट कोणी नाकारत नाही.

फाटक्या, चिकटपट्टी लावलेल्या, शाईने लिहिलेल्या नोटा घरीच ठेवून जा. आपल्या गल्लीतला वाणी घेईल, परदेशातला दुकानदार कशाला घेईल?

फुन्शोलिंगला लागून, सीमेच्या आपल्या बाजूला असलेल्या जयगावच्या बाजारात रुपये बदलून नुल्ट्रम देणारे भेटतील आणि त्यावर कमिशन मागतील. यातून तुम्हाला काहीच फायदा नाही. जो रुपया पलीकडे जसाच्या तसा चालतो, तो पैसे देऊन बदलायचा कशाला? मुंबई-पुण्यातल्या फॉरेक्सच्या दुकानांतही नुल्ट्रम शोधत हिंडू नका.

पायरी ४ : सगळ्यात मोठा खर्च आधी बाजूला काढा

भूतानमध्ये पर्यटकांना शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. सगळे त्याला एसडीएफ म्हणतात. भारतीय नागरिकांसाठी ते माणशी, दर रात्री १,२०० रुपये आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, आणि त्याहून लहान मुलांना माफ. हे हॉटेल, गाडी आणि जेवणाखेरीज आहे. किल्ल्यांची आणि मठांची प्रवेश फी त्यातही धरलेली नाही.

उदाहरण घेऊन बघा. नवरा, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी, पाच रात्री. दोघांचे १,२०० प्रमाणे २,४०० आणि मुलीचे ६००, म्हणजे दर रात्रीचे ३,०००. पाच रात्रींचे १५,००० रुपये. हा आकडा माहीत नसताना बजेट आखलं, तर सहलीच्या पहिल्याच दिवशी ते कोलमडतं. हे शुल्क परमिटच्या अर्जाबरोबर भरलं जातं. एजंटमार्फत जात असाल तर त्याच्या आकड्यात एसडीएफ धरलंय की नाही, हे लेखी विचारून घ्या. "सगळं त्यात आलं" एवढ्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. भरल्याची पावती मागा आणि जपून ठेवा.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणारे आपले नातेवाईक सोबत येणार असतील, तर त्यांचं गणित वेगळं. इथे राहण्याचा देश बघत नाहीत, पासपोर्ट बघतात. भारतीय पासपोर्ट असेल तर १,२०० रुपयेच. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असूनही त्यांना परदेशी पर्यटकाचा दर लागू होतो. तो दर रात्री १०० डॉलर आहे आणि व्हिसा वेगळा. एकाच कुटुंबातल्या दोघांच्या खर्चात एवढी तफावत पडते, तेव्हा ही गोष्ट विमानाची तिकिटं काढण्याआधी बोलून घ्या.

पायरी ५ : नोटा ओळखायला शिका

हा माझा सगळ्यात आवडता भाग. भूतानच्या नोटा फार देखण्या आहेत आणि पहिल्या दिवशीच दहा मिनिटं काढून त्या नीट न्याहाळाव्यात. रोज वापरात असतात त्या १, ५, १०, २०, ५०, १००, ५०० आणि १००० च्या. आपल्याकडे १ आणि ५ च्या नोटा आता क्वचितच हातात येतात. तिथे त्या सर्रास फिरतात.

आकडे इंग्रजी अंकांतही छापलेले असतात, त्यामुळे झोंगखा ही भूतानची भाषा वाचता येत नसली तरी अडत नाही. किंमत वाढते तशी नोटेची लांबीही वाढत जाते. तरीही घाईत घोटाळा होतो, तो रंगामुळे. २० आणि १००० या दोन्ही नोटा पिवळसर आहेत. संध्याकाळी टॅक्सीत, मिणमिणत्या उजेडात, २० समजून १००० दिली जाऊ शकते. म्हणून १००० ची नोट हातात आली की ती घडी घालून पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात टाका, किंवा हॉटेलच्या बिलात लगेच खर्च करा.

नोटांवरची चित्रं म्हणजे तुमच्या सहलीचा नकाशाच आहे. १ च्या नोटेवर पुढे दोन ड्रॅगन आणि मागे सिम्तोखा झोंग. झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि सरकारी कचेरी असं तिन्ही एकत्र असलेली वास्तू. सिम्तोखा थिंपूच्या अगदी जवळ आहे. ५ च्या नोटेवर तक्त्संग, म्हणजे पारोच्या कड्याला बिलगलेला तो प्रसिद्ध मठ. आपले लोक त्याला टायगर्स नेस्ट म्हणतात. १० वर पारोचा झोंग, ५० वर त्रोंगसा. ५०० च्या नोटेवर पहिले राजे उग्येन वांगचुक आणि मागे पुनाखाचा झोंग, दोन नद्यांच्या संगमावरचा. १००० वर सध्याचे राजे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक आणि मागे थिंपूचा ताशिछो झोंग. मुलं बरोबर असतील तर त्यांच्या हातात या नोटा द्या आणि पाहिलेली ठिकाणं त्यांवर शोधायला सांगा. माझ्या भाच्यांनी पुनाखाला पोचल्यावर ५०० ची नोट समोर धरून खरा झोंग ताडून पाहिला होता.

२०११ मध्ये सध्याच्या राजांचं लग्न झालं, तेव्हा राजा-राणी दोघांचं चित्र असलेली १०० ची खास नोट काढली होती. ती हाती लागली तर खर्च करू नका, ठेवून द्या.

भूतानी लोकांचं आपल्या राजांवर मनापासून प्रेम आहे. राजाचं चित्र असलेली नोट त्यांच्यासमोर चुरगाळणं, तिच्यावर काही लिहिणं किंवा ती काउंटरवर फेकणं टाळा. दोन्ही हातांनी नोट दिलीत तर समोरच्या माणसाला बरं वाटतं.

आता दोन पाकिटांचं. एकात फक्त रुपये, दुसऱ्यात फक्त नुल्ट्रम. दिवसभर खर्च करताना आधी नुल्ट्रमचं पाकीट उघडायचं. ते रिकामं झालं, तरच रुपयांना हात लावायचा. एवढी एकच सवय लावून घेतलीत तरी परतीच्या दिवशीची निम्मी डोकेदुखी टळते.

पायरी ६ : सुट्टे घेताना बोला

८० नूची पाण्याची बाटली आणि बिस्किटं घेऊन तुम्ही ५०० रुपयांची नोट दिलीत, की ४२० नुल्ट्रम परत मिळतात. असं दिवसातून चार वेळा झालं तर संध्याकाळपर्यंत रुपयांचं पाकीट रिकामं आणि नुल्ट्रमचं फुगलेलं. लहान खरेदीला १०० ची नोट द्या. मोठी नोट द्यावीच लागली तर आधी विचारा, "छुट्टे इंडियन में मिलेंगे?" भूतानमध्ये हिंदी बऱ्याच जणांना समजते. फुन्शोलिंगमध्ये हो म्हणणारे अनेक भेटतील, थिंपूत कमी आणि बुमथांगकडे आत गेलात तर जवळपास कोणीच नाही. पहिल्या दोन दिवसांत मिळालेले नुल्ट्रम खर्च व्हायला पुढे बरेच दिवस असतात, त्यामुळे तेव्हा चिंता नको. शेवटच्या दोन दिवसांत मात्र प्रत्येक वेळी विचारायचंच.

मठात दर्शनाला जाताना १, ५ आणि १० च्या नोटा खिशात असू द्या. देवापुढे ठेवायला त्या उपयोगी पडतात.

पायरी ७ : यूपीआय आणि कार्डावर किती भिस्त ठेवायची

यूपीआयचा क्यूआर स्वीकारणारा पहिला परदेश भूतान. जुलै २०२१ मध्ये तिथे भीम यूपीआय सुरू झालं. रुपे कार्ड त्याआधीच, ऑगस्ट २०१९ मध्ये. त्यामुळे "फोन आहे ना, रोख कशाला" असं म्हणून निघणारे खूप आहेत. तेवढ्या भरवशावर जाऊ नका.

भूतानमध्ये भाजीवालीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांकडे क्यूआर लावलेला दिसेल. पण तो बहुतेक वेळा त्यांच्या देशातल्या बँकांच्या ॲपसाठी असतो. 'एमबॉब' हे बँक ऑफ भूतानचं ॲप तिथे फार वापरात आहे. भीम यूपीआयची खूण असेल तिथेच आपलं ॲप चालेल. स्कॅन करण्याआधी विचारा. यूपीआयला इंटरनेटही लागतं. हॉटेलच्या वायफायवर काम भागतं, रस्त्यावर स्थानिक सिम लागतं. ताशीसेल किंवा बी-मोबाइल यांपैकी कोणतंही घ्या, पण बँकेशी जोडलेलं भारतीय सिम फोनमधून काढू नका. ते काढलं तर यूपीआय ॲप पुन्हा पडताळणी मागू शकतं, आणि तिकडे बसून ती करणं अवघड जातं. दोन सिमचा फोन असेल तर उत्तम.

एटीएम थिंपू, पारो आणि फुन्शोलिंगमध्ये सहज सापडतात. त्यातून नोटा मात्र नुल्ट्रमच्याच निघतात, आणि तुमची बँक वर परदेशी व्यवहाराचं शुल्क लावू शकते. म्हणून एटीएम हा अडीनडीचा मार्ग समजा. शेवटच्या दिवशी तर पैसे मुळीच काढू नका.

पायरी ८ : परतीच्या आदल्या दिवशी नुल्ट्रम संपवा

आमच्या गटातले एक काका परतताना सिलीगुडीजवळच्या बागडोगरा विमानतळावर भलामोठा नुल्ट्रमचा गठ्ठा घेऊन उभे होते. एकाही काउंटरवर त्याची चहासुद्धा मिळेना. भूतानची सीमा सुटली की ही नोट कोणी घेत नाही. जयगाव तेवढं अपवाद आहे. ते सीमेला लागून असल्यामुळे तिथले बरेच दुकानदार नुल्ट्रम घेतात, काही जण थोडी वटाव कापून. तिथून हासीमाऱ्याला रेल्वे गाठेपर्यंतच चित्र बदलतं, आणि सिलीगुडीत तर विसरूनच जा.

तेव्हा आदल्या रात्री हे करा. नुल्ट्रमचं पाकीट रिकामं करून मोजा. हॉटेलचं शेवटचं बिल यायचंय का? असेल तर सगळे नुल्ट्रम त्यात द्या आणि उरलेली रक्कम रुपयांत किंवा कार्डाने भरा. यासाठीच शेवटच्या हॉटेलचं बिल आगाऊ भरू नये, निदान काही भाग बाकी ठेवावा. बिल आधीच भरलेलं असेल, तर ड्रायव्हर आणि गाईडची बक्षिसी नुल्ट्रममध्ये द्या. ते तिथलेच, त्यांना दोन्ही सारखंच. तरीही काही उरलं तर गाडीत पेट्रोल भरा किंवा दुपारचं जेवण सीमेच्या अलीकडे, भूतानमध्येच उरका. ड्रुक ब्रँडचा जॅम, लाल तांदूळ, हाताने विणलेलं कापड या घरी आणण्यासारख्या वस्तू आहेत आणि फुन्शोलिंगच्या दुकानांत मिळतात.

विमानाने पारोहून परतणाऱ्यांनी जास्त दक्ष राहायला हवं. त्यांच्या वाटेवर जयगाव नाही. विमानतळावर पोचण्याआधीच, पारो गावात, सगळा हिशेब मिटवा. दुसऱ्या बाजूने, समद्रुप जोंगखारहून आसाममध्ये उतरणाऱ्यांनीही सीमेआधीच पाकीट मोकळं करावं.

आठवण म्हणून नोटा ठेवायच्या असतील तर १, ५ आणि १० च्या कोऱ्या करकरीत नोटा बँकेच्या काउंटरवर मागून घ्या. बाजारात फिरलेल्या लहान नोटा मळकट असतात. वहीत ठेवताना डिंक किंवा सेलोटेप लावू नका, साधं प्लॅस्टिकचं पाकीट पुरतं. जुनी छेत्रुमची नाणी हवी असतील तर थिंपूतल्या हस्तकलेच्या दुकानांत विचारून बघा. पण जुनं म्हणून जास्त भाव सांगितला, तर नाण्यावरचं साल बघितल्याशिवाय पैसे काढू नका.